रीसेल फ्लॅटसाठी आणखी दोन पार्ट्या आहेत म्हणे. ऑफर किती आणि कशी द्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: कोथरूडमध्ये रीसेलचा टू बीएचके पसंत पडलाय, मालक 90 लाख म्हणतायत, आणखी दोन पार्ट्या तयार असल्याचं एजंट सांगतोय आणि रविवारी मालकांशी बैठक आहे. आकडा वाढवावा का, वाढवला तर किती?

आम्ही दोघं पुण्यातच या चक्रातून गेलोय. दोन घरं हातची गेली, तिसरं मिळालं, आणि तिसऱ्या वेळी आमचा आकडा सगळ्यात मोठा नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची वरची मर्यादा ठरवा, आणि ती घरी बसून ठरवा. मालकांच्या सोफ्यावर बसून ठरवाल तर चुकेल. त्यासाठी आज रात्रीच नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्चमध्ये जा. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर (जमिनीचा सरकारी क्रमांक) टाकला की तिथे नोंदलेले दस्त दिसतात. त्याच सोसायटीतल्या गेल्या दोनतीन वर्षांतल्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे सारांश, उघडा. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन रकमा असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, निघणारी. क्षेत्रफळ बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 ने गुणलं की चौरस फूट. कार्पेटची (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेची) तुलना कार्पेटशीच करा. एजंट भिंती धरून येणारं मोठं बिल्टअप सांगतो आणि भाव स्वस्त वाटायला लागतो.

हे आम्ही दुसऱ्या घराच्या वेळी केलं नव्हतं. मालकांनी 85 सांगितले होते. ‘दुसरी पार्टी 90 ला तयार आहे’ असं कानावर आलं आणि आम्ही तिथल्या तिथे 92 म्हणून मोकळे झालो. लाखाचं टोकनही त्याच संध्याकाळी दिलं. मग बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) येऊन गेला आणि त्याने किंमत काढली 84 लाख. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, आणि ते तिच्या मूल्यांकनावर, तुमच्या ऑफरवर नाही. आम्ही 73.6 लाख कर्ज धरून चाललो होतो, मिळणार होतं 67.2 लाख. वर स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी फी या हिशेबात धरतच नाहीत, ती खिशातून. पुण्यात 7 टक्क्यांनी 6.44 लाख, आणि नोंदणीचे 30 हजार. एकूण साडेएकतीस लाख रोकड उभी करायची होती, आमच्याकडे पंचवीस होते. व्यवहार मोडला. टोकनच्या पावतीवर एकही अट लिहिलेली नव्हती, त्यामुळे निम्मेच पैसे परत आले. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

तेव्हा व्हॅल्युएशन कमी आलं तर मधली तफावत किती भरू शकतो, हा तुमचा खरा प्रश्न आहे. जितकी भरू शकता तितकंच वर जा. घर एकट्या बाईच्या नावावर घेणार असाल तर ड्यूटीत एक टक्का सवलत आहे, तीही हिशेबात धरा. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही.

आता ऑफर कशी द्यावी. विकणाऱ्याला पैसे हवेच असतात, पण व्यवहार मध्येच लटकण्याची त्याला त्याहून जास्त धास्ती असते. तिसऱ्या घराचे मालक सत्तरी ओलांडलेले आजीआजोबा होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आजींचे गुडघे गेलेले. चहा झाल्यावर आजींनी गोदरेजच्या कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं आणि बोटाने त्याच्या घड्या सरळ करत बसल्या. मी विचारलं, ‘तुम्ही कुठे जाणार?’ तर कळलं की मुलीच्या जवळ बावधनला घर घेतलंय, पण ताबा डिसेंबरशिवाय नाही. आधीची पार्टी आमच्यापेक्षा दोन लाख जास्त देत होती, पण तिला महिन्यात किल्ली हवी होती, आणि तिचा स्वतःचा फ्लॅट अजून विकला गेला नव्हता.

आम्ही सांगितलं, डिसेंबरअखेरपर्यंत इथेच राहा, भाडं नको. कर्जाचं सँक्शन लेटर (बँकेचं मंजुरीपत्र) दाखवलं आणि एका कागदावर तारखा लिहून दिल्या: विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) कधी, साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी कधी, बँकेचा चेक कधी. दोन लाख मात्र किल्ली देतेवेळी द्यायचे, असं साठेखतातच घातलं. ते घालाच, कितीही चांगली माणसं असली तरी. पितृपक्ष सुरू होता, म्हणून आजोबा म्हणाले सर्वपित्री होऊ दे, मग विसार घेऊ. तेवढे दिवस आमच्या वकिलांना टायटल, म्हणजे मालकी हक्काचे कागद, तपासायला मिळाले. घर आम्हालाच मिळालं.

म्हणून रविवारी आकडा सांगण्याआधी मालकांना विचारा, त्यांना नेमकं केव्हा आणि कसं निघायचंय. एजंटमार्फत विचारू नका, समोरासमोर विचारा.

दुसऱ्या पार्ट्या खऱ्या की खोट्या, यात डोकं शिणवू नका. ‘त्यांचं लोन सँक्शन झालंय का?’ एवढं विचारा, उत्तरावरून अंदाज येतो.

थोडे पैसे कॅशमध्ये दिलेत तर घर तुमचं, असं कुणी सुचवलं तर कृपा करून नाही म्हणा. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. शिवाय दस्तात किंमत कमी दिसली की तुमचं कर्जही कमी होतं, आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा नफा कागदावर फुगतो.

90 लाखांच्या व्यवहारात तुम्हाला मालकांच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (त्यांच्या नावे सरकारकडे जाणारा कर) कापून भरावा लागेल, 50 लाख आणि त्यावर तो लागू होतो. हे मालकांना रविवारीच सांगा, नाहीतर चेक देताना कुरबुर होते. आणि मालक परदेशी राहणारे तर नाहीत ना, हे नक्की विचारा. पुण्यात कितीतरी फ्लॅट अमेरिकेतल्या मुलांच्या नावावर आहेत. तसं असेल तर टीडीएस कितीतरी जास्त कापावा लागतो, मोजणी वेगळी आणि वेळही लागतो. आधी सीएला भेटा.

विसार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. त्यात दोन अटी हव्यातच: टायटल स्वच्छ निघालं नाही किंवा याच फ्लॅटवर बँकेने ठरलेलं कर्ज दिलं नाही, तर विसार पूर्ण परत, आणि किती दिवसांत ते. पगारावर मिळालेलं सँक्शन वेगळं, फ्लॅटचे कागद आणि व्हॅल्युएशन पाहून मिळालेलं वेगळं. पहिल्याच्या भरवशावर बिनशर्त पैसे देऊ नका. मालकांचं जुनं कर्ज शिल्लक असेल तर बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागा.

मसुदा शनिवारपर्यंत वकिलाकडून तयार करून घ्या आणि बैठकीला दोन प्रती घेऊन जा. मालक हो म्हणाले तर तिथेच वाचून सही होईल. वेळ मागितला तर एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या.