चोर्ला घाटात सायकलच्या ग्रुप राइडला मी मागे पडतो. चढ कसा मारावा?

गोव्याकडून घाटाच्या पायथ्याचं केरी गाव सोडल्यावर पहिल्याच वळणांना जोर काढता का? बहुतेकांचं तिथंच चुकतं. पहिली १० मिनिटं बोलता येईल इतक्याच दमात चालवा. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे, वर थांबतातच.

गिअर चढ लागण्याआधीच हलका करा. पायांचा पूर्ण जोर असताना पुढची चकती बदलली तर ताणलेली चेन उतरते. पुढे ३४ आणि मागे ३२ दात असतील तर पेडलच्या मिनिटाला ६५-७० फेऱ्या टिकवता येतात, गुडघेही वाचतात.

उभं राहायचं तर आधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली दाबतानाच उठा. नाहीतर सायकल क्षणभर मागे येते, मागचा तुमच्या चाकावर आपटतो. दमट हवेत तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, चिमूटभर मीठ घालून.