व्हकेरो की उबर्टी, आणि त्यात आधी काय बदलायचं

तुम्ही लिहिलंय की डॅलसला आल्यावर काउबॉय मॅच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी घड्याळ लावून नेमबाजी करायची स्पर्धा, बघितली आणि आता तुम्हाला आणि वहिनींना, दोघांनाही खेळायचंय. दुकानदार उबर्टी रिव्हॉल्व्हरची नवी जोडी दाखवतोय, ओळखीचा एक जण जुनी रुगर व्हकेरोची जोडी विकतोय. यातली कुठली घ्यायची आणि घेतल्याबरोबर काय काय बदलून घ्यायचं, हा तुमचा प्रश्न. मी ॲरिझोनात बारा वर्षं हा खेळ खेळतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीसाठी मागचा घोडा (हॅमर) अंगठ्याने मागे ओढावा लागतो, चाप फक्त तो सोडतो. म्हणजे एका स्टेजला, मॅचमधल्या एका फेरीला, दोन रिव्हॉल्व्हर मिळून दहा वेळा घोडा ओढायचा. नवीन माणूस चाप हलका करायच्या मागे लागतो, पण लक्ष द्यायला हवं ते घोड्याकडे. तो किती मऊ येतो, अंगठ्याला कुठे सापडतो, दोन्ही रिव्हॉल्व्हरचा सारखा येतो का. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. जोडी एकाच मॉडेलची, एकाच नळीच्या लांबीची, एकाच कॅलिबरची घ्या.

उबर्टी म्हणजे १८७३च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची इटालियन नक्कल, आणि नक्कल चांगली आहे. घोडा ओढताना कोल्टचे ते चार ठोके ऐकू येतात, मूठ लहान हातात छान बसते. एका नव्या कोल्टच्या किमतीत उबर्टीची जोडी सहज येते. पण आतल्या स्प्रिंगाही जुन्या पद्धतीच्या, चपट्या पट्टीच्या. त्यातली चापाची आणि बोल्टची (सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या खिळीची) मिळून जी दोन पायांची स्प्रिंग असते, ती कधी ना कधी मोडतेच. उबर्टी घेतलीत तर तिच्या जागी तारेची स्प्रिंग बसवा आणि एक जादा पिशवीत ठेवा. भरताना घोडा अर्धा चढवून ठेवायचा, एक काडतूस घालायचं, सिलिंडरचं (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याचं) एक घर सोडायचं, मग चार घालायची, घोडा पूर्ण ओढून हळूच खाली सोडायचा, की तो रिकाम्या घरावर येतो. घोड्याखाली भरलेलं घर निघालं तर ती स्टेज बाद. नियम सगळ्यांना पाचच गोळ्यांचा आहे, रुगरवाल्यांनाही.

रुगरने १९५५मध्ये ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर काढली, तिच्यात चपट्या पट्ट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. १९७३पासून ट्रान्सफर बार आला, म्हणजे घोडा आणि काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन यांच्यामधली पट्टी. चाप दाबलेला नसेल तर घोड्याचा धक्का फायरिंग पिनपर्यंत पोचतच नाही. व्हकेरो आली १९९३मध्ये. २००५मध्ये ‘न्यू व्हकेरो’ आली, ती अंगाने लहान, जवळजवळ कोल्टच्या मापाची. तुमच्या ओळखीच्याकडची जुनी, मोठ्या अंगाची असणार. ती दणकट आहे, मजबूत काडतुसं खाते, पण या खेळात मजबूत काडतुसं लागतच नाहीत. शिवाय तिच्यात एक त्रास आहे: भरताना सिलिंडरचा ‘टक’ आवाज आला की घर गेटच्या, म्हणजे काडतूस घालायच्या झडपेच्या, थोडं पुढे निघून गेलेलं असतं, आणि मागे फिरवता येत नाही. पुन्हा पूर्ण फेरी. वेगळा पॉल (सिलिंडर फिरवणारा आतला दांडा) बसवून हे सुटतं. न्यू व्हकेरोमध्ये ते कारखान्यातच सुधारलंय.

माझं मत विचाराल तर न्यू व्हकेरोची जोडी, .३५७ मॅग्नमची, ४⅝ किंवा ५½ इंची नळीची, आणि त्यात .३८ स्पेशल काडतुसं. नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १००० फुटांच्या आत हवा, गोळी शिशाची हवी. हलक्या शिशाच्या गोळीचा धक्का मनगटाला कळतसुद्धा नाही, आणि नेम धरायच्या लोखंडी पाट्या अवघ्या काही यार्डांवर असतात. वहिनींनी दुकानात दोन्ही प्रकार हातात घेऊन, दुकानदाराला विचारून घोडा ओढून बघावा. त्यांच्या अंगठ्याचा निर्णय शेवटचा.

आता बदल. पहिल्या हजार गोळ्या काहीही न करता मारा. धातू धातूवर घासून निम्मं काम तिथेच होतं. त्यानंतर पहिला खर्च मेनस्प्रिंगवर, म्हणजे घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगवर. रुगरची कारखान्यातली साधारण २३ पौंडांची असते, बाजारात १९, १८, १७ पौंडांच्या मिळतात. इथे मी स्वतः पोळलो आहे, म्हणून थांबून सांगतो. दुसऱ्याच वर्षी मी हावरेपणाने मिळेल तेवढी हलकी स्प्रिंग टाकली. घरी घोडा लोण्यासारखा येत होता. डिसेंबरातली मॅच, सकाळी हात गारठलेले, दुसरी रिव्हॉल्व्हर काढली तर पाचातल्या तीन गोळ्या नुसत्या ‘खट्’. रिव्हॉल्व्हर रिकामी करायच्या टेबलावर काडतुसं काढून पाहिली तर प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या) टिकलीवर पिनचा खड्डा जेमतेम उमटला होता, नखाने दाबल्यासारखा. तीन न उडालेल्या गोळ्या म्हणजे तीन चुकलेले नेम, प्रत्येकी ५ सेकंद, एका स्टेजला १५ सेकंद गेले. घरी परत येऊन १८ पौंडांची टाकली आणि मऊ टिकलीचे फेडरलचे प्रायमर वापरायला लागलो. तेव्हापासून ‘खट्’ नाही. स्प्रिंग हलकी करायची तर काडतुसं कुठली वापरणार हे आधी ठरवा. आणि आहे ती स्प्रिंग कापून छोटी करू नका, विकत घ्या.

रुगरच्या चापाची स्प्रिंग दोन पायांची असते. मुठीच्या फळ्या काढल्या की ते दोन पाय मुठीच्या चौकटीतल्या आडव्या खिळीवर दिसतात. एक पाय खिळीवरून खाली उतरवला की चाप लगेच हलका होतो, आणि पटलं नाही तर पुन्हा वर चढवता येतो. चाप सोडल्यावर तो पूर्ण परत येतो ना, तेवढं पन्नास वेळा तपासा.

घोड्याचा कान, म्हणजे अंगठा टेकवायचं टोक, ठेंगणा हवा की नको, हे तुम्ही कसे मारणार यावर आहे. दोन्ही हातांनी धरून डाव्या अंगठ्याने घोडा ओढणाऱ्याला कारखान्यातला चालतो. ड्यूएलिस्ट प्रकारात एकाच हाताने मारायचं असतं, तिथे ठेंगणा, रुंद कान म्हणजे मूठ न सरकवता अंगठा पोचतो. रुगरच्याच सुपर ब्लॅकहॉकचा घोडा यासाठीच लोक व्हकेरोत बसवतात.

नेम खाली लागत असेल तर पुढची साइट (नळीच्या टोकावरची माशी) कानशीने कमी केली की गोळी वर जाते. हळूहळू, दोन-दोन घासे, मध्ये गोळ्या मारून. घासलेलं परत येत नाही. डावी-उजवीकडे जात असेल तर नळी फ्रेममध्ये किंचित फिरवावी लागते, ते गनस्मिथचं काम. सिअर (ओढलेला घोडा अडवून धरणारी कड) आणि घोड्याच्या खाचेला तर घरी हातच लावू नका. तिथे चुकीचा कोन पडला तर ओढलेला घोडा नुसत्या धक्क्याने सुटतो, आणि लाइनवर तुमच्या मागे माणसं उभी असतात.

सिलिंडरच्या घरांच्या कडा घासून घ्यायला कोणी सांगेल, त्यावर पैसे घालू नका. घड्याळ चालू असताना रिव्हॉल्व्हर भरायची वेळ क्वचितच येते. भरायची असते ती शॉटगन, आणि सेकंद तिथेच सांडतात. उरलेले पैसे तिच्यासाठी आणि काडतुसांसाठी ठेवा.

त्या व्हकेरोवाल्याला विचारा, जोडी २००५च्या आधीची की नंतरची, आणि आत स्प्रिंग कुठली आहे. उत्तर इथेच कळवा, मग किमतीचं बोलू.