फ्लॅट विकताना छताची गळती घेणाऱ्याला सांगावीच लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नौपाड्यातला वडिलांचा सर्वात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचाय, पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल येते, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) इमारत सी-२-बी, म्हणजे दुरुस्ती लागणाऱ्या वर्गात आली आहे, आणि एजंट म्हणतोय, "पुट्टी मारून रंग लावून घ्या, विचारलं तरच बोला." असं केलं तर चालेल का?

नाही चालणार. दोन्ही गोष्टी सांगा, आणि करारनाम्यात लिहून द्या.

कायदा आधी सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. मालमत्तेत किंवा तुमच्या मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो तुम्हाला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊन पाहिलं तरी त्याला सापडणार नाही, असा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं म्हणजे कपट, असं त्याच कलमात म्हटलंय. स्वयंपाकघरातली फुटलेली टाइल कुणालाही दिसते, ती वेगळी सांगायची गरज नाही. पण एप्रिलमध्ये कोरडं ठणठणीत दिसणारं आणि जुलैत ठिबकणारं छत? कायद्याला नेमकं हेच अभिप्रेत आहे. त्यावर मुद्दाम पुट्टी मारणं म्हणजे तर नुसतं गप्प बसणंही नाही, लपवणं झालं. करार अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे ते कपटात मोडतं आणि घेणारा करार रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो. मुदत तीन वर्षांची, तीही फसवणूक कळल्यापासून. "फ्लॅट जसा आहे तसा घेतला" ही ओळ टाकली की सुटलो, असं एजंट सांगतील. जाणूनबुजून लपवलेल्या गोष्टीसाठी त्या ओळीच्या भरवशावर राहू नका.

मी हे इतकं कळकळीने लिहितोय कारण मी घेणाऱ्याच्या बाजूला उभा राहिलोय. कळव्यात आम्ही एप्रिलमध्येच फ्लॅट घेतला. आत गेल्यावर ताज्या रंगाचा वास आला आणि मला वाटलं, किती निगुतीने ठेवलंय घर. जुलैत एका रात्री कपाटामागे हात घातला तर भिंत गारेगार, बोटांना ओली पुट्टी लागली. आईच्या लग्नातल्या दोन साड्यांना बुरशी धरली होती. सकाळी समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे दरवर्षीचंच आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं?" ते वाक्य अजून बोचतं. वकिलाकडे जाऊन आलो, पण घरच्या आजारपणात दावा लावायचं राहून गेलं.

पुढे तोच फ्लॅट आम्ही विकला. मधल्या काळात सोसायटीने टेरेसचं वॉटरप्रूफिंग केलं होतं (टेरेसमधून झिरपणाऱ्या पाण्याचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीचाच, तुमच्याकडेही तो मुद्दा कमिटीपुढे लेखी मांडा), तरी एका कोपऱ्यात ओल यायचीच. तो कोपरा मी रंगवला नाही. पावसाळ्यातले फोटो मोबाइलवर दाखवले. करारनाम्यात लिहिलं: "बेडरूमच्या ईशान्य कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, हे विकणाऱ्याने सांगितले व घेणाऱ्याने फोटो पाहून मान्य केले." घेणाऱ्याने कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आणलं आणि तेवढीच रक्कम कमी केली. एक जण मात्र ऐकून निघून गेला, तेही खरं. त्या वेळी वाईट वाटलं.

सी-२-बी म्हणजे इमारत रिकामी न करता दुरुस्ती करायची. ती सी-१ सारखी अतिधोकादायक नाही, त्यामुळे घाबरून लपवू नका. रिपोर्टची प्रत द्या आणि दुरुस्तीसाठी जी वर्गणी ठरली असेल ती कोण भरणार, हे करारात आकड्यासकट लिहा. भांडणं बहुतेक इथेच होतात. मेंटेनन्सची थकबाकी, मालमत्ता कर, बँकेचा बोजा, ओसी (इमारत वापरायला दिलेला पालिकेचा दाखला) आहे की नाही, हेही घेणाऱ्याशी त्याच वेळी मोकळं करा.

फ्लॅट वडिलांचा म्हणालात. ते हयात नसतील तर एक पाहा: तुम्ही नुसते नॉमिनी असाल तर एकटे मालक ठरत नाही. बहीण-भाऊ असतील तर सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. हाही हक्कातला दोषच, ओलीपेक्षा मोठा. हे टोकन घेण्याआधी मिटवा.

नवी मुंबईत कुणी वाचत असेल तर, सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) जमीन बहुधा भाडेपट्ट्यावर असते. हस्तांतराला परवानगी आणि शुल्क लागतं का, हे घेणाऱ्याला आधीच सांगा.

रंगाऱ्याला सांगितलं असेल तर आजच थांबवा.