कोरोनाकाळात घरातल्या वृद्धांना सांभाळताना सर्वांत अवघड काय गेलं? पुन्हा अशी साथ आली तर कशाची तयारी ठेवावी?

तुमचे आई-वडील गोव्यात पेडण्याला आणि तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात, म्हणून हा प्रश्न विचारलात. औषधं, मास्क, ऑक्सिमीटर याबद्दल बाकीचे सांगतीलच. आमच्या घरात सर्वांत अवघड वेळ आली ती आईचं सगळं करणारं माणूसच आजारी पडलं तेव्हा.

माझं माहेर डिचोलीला, सासर फोंड्याला. वडील नाहीत, भाऊ बोटीवर. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आणि तिचं सगळं वहिनीच्या हातावर. सकाळी अंग पुसायला, कपडे बदलायला एक बाई यायची, ती मार्च २०२०च्या टाळेबंदीत बंद झाली. गोव्यात तेव्हा पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा उघडी नव्हती. तरी पहिली लाट वहिनीने एकटीने निभावली. जून २०२० मध्ये गोव्यातला पहिला कोरोनाबळी गेला तो सत्तरी तालुक्यातल्या मोर्ले गावचा, वय ८५. मोर्ले आम्हाला जवळचं. त्या दिवसापासून वहिनीने घरात कुणालाच येऊ दिलं नाही.

मे २०२१ मध्ये वहिनी पॉझिटिव्ह आली. दिवस कसले होते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. ११ मेच्या पहाटे बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, चार तासांत २६ रुग्ण दगावले, ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. म्हातारं माणूस इस्पितळात न्यायचं म्हटलं की घराघरात लोक कचरत होते. आणि आईचं काय करायचं? डिचोलीला गेले तर मला लगेच परत येता येणार नव्हतं, कारण इकडे सासूबाईंना दमा. नवरा म्हणाला, ‘‘तू जा, माझ्या आईचं मी बघतो.’’ तो शब्द त्याने पाळला, म्हणून मी हे उत्तर लिहू शकते.

आईची कूस बदलायची मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. वहिनी मागच्या खोलीत बंद, दाराआडून खोकत खोकत सांगायची, ‘‘ताई, डावा हात धरून ओढू नका, खांदा उखळेल. आधी गुडघा दुमडा, मग कमरेखाली हात घाला.’’ दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नुसतं पाणी दिलं की आईला ठसका लागायचा, पेज दाटसरच लागायची, तीही उशाला दोन तक्के देऊन बसवल्यावर. हे सगळं एकट्या वहिनीच्या डोक्यात होतं. तिला बोलताही येत नसतं तर मी काय केलं असतं, हा विचार आजही छातीत धस्स करतो. आईला ऐकू कमी, ती ओठांवरून समजून घ्यायची. मास्क लावलेली मी समोर उभी राहिले की विचारायची, ‘‘तू कोण गो?’’

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सेवा करणाऱ्याच्या जागी उभं राहणारं दुसरं माणूस आत्ताच ठरवा. गोळ्या कुठल्या वेळेला, पेज किती दाट, कुठल्या कुशीवर दुखतं, हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहून खाटेजवळ ठेवा. बँकेचंही तसंच. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे दोन हजार आईच्या एकटीच्या खात्यात पडत होते आणि काढायला जाणारं माणूस खोलीत बंद. खातं जोडनावाने करून घ्या.

एक गोष्ट डॉक्टरांकडून कळली ती सांगते. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. अचानक जेवण सोडलं, असंबद्ध बोलायला लागलं, नुसतं झोपून राहिलं, तरी तपासून घ्यावं. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटं चोळून गरम करा. गार बोटावर आकडा चुकतो.

लसीचंही आधी विचारून ठेवा. ६० वर्षांवरच्यांना १ मार्च २०२१ पासून लस मिळू लागली, पण खाटेवरच्या माणसाला घरी येऊन लस द्यायला केंद्र सरकारने सप्टेंबर उजाडवला. तोवर अशा माणसाला उचलून लसीकरण केंद्रावर न्यायला घरात चार हात लागायचे, आणि ज्यांची मुलं परदेशात किंवा बोटीवर, त्यांच्याकडे ते कुठून येणार?

गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका पुन्हा बंद झाला तर तुम्ही पुण्याहून लगेच पोचणार नाही, हे धरूनच चाला. नातेवाईक नसेल तर शेजारी चालेल, वाड्यावरचं कुणी चालेल. गणपतीला घरी याल तेव्हा त्यांना बोलावून घ्या आणि आई-वडिलांचं एका दिवसाचं सगळं, आंघोळीपासून रात्रीच्या गोळीपर्यंत, तुमच्यासमोर त्यांच्याकडून करून घ्या.