बिग डेटातून मानसशास्त्र: परदेशी पीएचडीला निघण्याआधी

तू विचारलं आहेस की मानसशास्त्रातलं एम.ए. संपत आलंय, पायथन जुजबी येतं, सोशल मीडियाच्या डेटावर संशोधन करायचंय, तर पीएचडीला अमेरिका बरी की युरोप? ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. मी नेदरलँड्समध्ये याच विषयात पीएचडी केली आणि आता इथेच शिकवते, म्हणून इथलं सविस्तर सांगते.

देश नंतर ठरव. आधी डेटा कुणाच्या हातात आहे ते बघ.

या विषयाला बहर आला तेव्हा फेसबुकचा डेटा संशोधकांना सहज मिळत होता. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने ७५,००० स्वयंसेवकांच्या पोस्टमधले शब्द त्यांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ताडून पाहिले. त्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी ५८,००० जणांच्या नुसत्या लाइक्सवरून स्वभावाचे अंदाज बांधले. पुढे २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण गाजलं (या कंपनीने लाखो लोकांचा फेसबुक डेटा त्यांच्या संमतीशिवाय राजकीय प्रचारासाठी वापरला होता) आणि फेसबुकने दारं लावून घेतली. २०२३ मध्ये ट्विटरनेही संशोधकांची मोफत सोय बंद केली. तेव्हा एकाच कंपनीच्या मर्जीवर उभा असलेला प्रबंध घेऊ नकोस, मग विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो.

सध्या मला सर्वात आश्वासक वाटतो तो डेटादानाचा मार्ग. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने कुणालाही कंपनीकडून स्वतःच्या डेटाची प्रत मागता येते. ती प्रत माणूस आपल्या इच्छेने संशोधकाला देऊ शकतो. त्यासाठी इथे ‘पोर्ट’ नावाचं सॉफ्टवेअर तयार झालंय. ते सहभागी व्यक्तीच्याच संगणकावर फाइल उघडतं, संशोधनाला लागेल तेवढाच भाग वेगळा काढतं आणि तो तिला दाखवतं. तिने हो म्हटलं तरच तो आमच्यापर्यंत पोचतो. फेसबुकच्या ६,८९,००३ वापरकर्त्यांवर त्यांना न सांगता केलेल्या भावनांच्या प्रयोगावरून २०१४ मध्ये केवढा गदारोळ झाला होता, हे आठवलं की या संमतीचं मोल कळतं. अडचण अशी की लोक मध्येच गळतात, आणि डेटा देणारे व न देणारे स्वभावाने सारखे नसतात. पण हा फरक मोजणं हेसुद्धा मानसशास्त्रच आहे. या कामाला माणसं हवी आहेत.

दुसरी जमेची बाजू म्हणजे इथल्या टिलबर्ग शहरातलं लिस पॅनेल, म्हणजे त्याच लोकांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणारं सर्वेक्षण. लोकसंख्या नोंदणीतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली सुमारे ५,००० कुटुंबं २००७ पासून नियमित प्रश्नावल्या भरताहेत. ही उत्तरं परवानगीने सरकारी नोंदींशीही जोडता येतात. मात्र त्या जोडलेल्या नोंदी तुझ्या लॅपटॉपवर कधीच येत नाहीत. सुरक्षित सर्व्हरवर बसून काम करायचं आणि निकाल तपासून झाल्यावरच बाहेर न्यायचा. सुरुवातीला हे फार संथ वाटतं.

आता तयारीबद्दल. पायथन शिकता येईल, त्याची चिंता करू नकोस. मोजमापाची चिंता कर. नमुना लाखांचा असला की जवळपास प्रत्येक संबंध संख्याशास्त्राच्या भाषेत ‘सार्थ’ ठरतो, म्हणजे निव्वळ योगायोग नाही असं दिसतं. प्रश्न तो केवढा आहे हा असतो. ऑक्सफर्डच्या ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये तीन मोठ्या सर्वेक्षणांतल्या ३,५५,३५८ किशोरवयीनांचा डेटा तपासला. त्यांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. एवढ्याशा आकड्याचा अर्थ काय, यावर ज्याला तासभर बोलता येतं तोच या विषयात टिकतो. म्हणून आर (R ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा), बहुस्तरीय प्रतिमानं (एकाच व्यक्तीच्या किंवा गटाच्या अनेक नोंदी एकत्र हाताळणारी पद्धत) आणि चाचण्यांची वैधता पक्की कर. तुझी मातृभाषा हेही भांडवल आहे. मजकुरातून भावना ओळखणारी बहुतेक साधनं इंग्रजीवर घडलीत. दुसऱ्या भाषेत ती खरंच तेच मोजतात का, हा अजून मोकळा प्रश्न आहे.

व्यवहाराचं थोडक्यात. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा चार वर्षांची नोकरी असते: पगार, रजा, पेन्शन सगळं धरून. जाहिरात निघते, नोकरीसारखाच अर्ज करायचा, मास्टर्स लागतेच. निवासाच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठ करतं. मात्र विषय बऱ्याचदा आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत पाच वर्षं किंवा जास्त लागतात, सुरुवातीला वर्गातला अभ्यासक्रम असतो, अर्ज साधारण डिसेंबरात जातात, पण स्वतःचा प्रश्न घडवायला मोकळीक जास्त. तुझा प्रश्न अजून धूसर असेल तर मी अमेरिकेकडे झुकेन. पक्का असेल आणि त्याच्याशी जुळणारी जाहिरात दिसली तर इकडे ये. पीएचडीनंतर मात्र दोन्हीकडे तात्पुरत्या करारांची वर्षं येतात, आणि इथे कायम व्हायचं तर डच शिकावी लागते. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

अर्जाआधी एक काम कर. वर सांगितलेल्या तीन सर्वेक्षणांपैकी अमेरिकेचं वायआरबीएस (शाळकरी किशोरांच्या वागणुकीचं सर्वेक्षण) कुणालाही उतरवून घेता येतं. त्यावर एक छोटं विश्लेषण कर, काय तपासणार ते आधीच नोंदवून ठेव, कोड खुला ठेव आणि मार्गदर्शकाला लिहिताना दुवा जोड. मुलाखतीत तूही त्यांना विचार: डेटा आज हातात आहे का, करार कुणाच्या नावावर आहे, आणि तो मध्येच संपला तर माझा प्रबंध कशावर होईल?