‘पर्यायी चुंबक’ म्हणू नका

प्रश्न : ‘ऑल्टरमॅग्नेट या नव्या चुंबकप्रकाराला एका लेखात “पर्यायी चुंबक” म्हटले होते. हा शब्द बरोबर आहे का? आणि या चुंबकाचा उपयोग काय?’

शब्द चूक आहे, आणि तो आता इतक्या ठिकाणी दिसतो की वेळीच थांबवला नाही तर रुळेल. आजच्या मराठीत पर्यायी म्हणजे एकाच्या जागी दुसरे : पर्यायी रस्ता, पर्यायी व्यवस्था. लिबोर श्मेयकल, हाइरो सिनोवा आणि टोमाश युंगविर्थ या भौतिकशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये हे नाव पुढे आणले तेव्हा त्यांना ‘ऐवजी’ अभिप्रेत नव्हते, ‘आळीपाळीने’ अभिप्रेत होते. भाषांतर करणाऱ्याने इंग्रजी शब्दाचे पहिले दोन अक्षरगट पाहिले, ‘ऑल्टरनेटिंग’ऐवजी ‘ऑल्टरनेटिव्ह’ समजले आणि पेन उचलले.

आळीपाळी कसली ते पाहू. लोहचुंबकात अणूंचे स्पिन, म्हणजे प्रत्येक अणूतले बाणासारखे चिमुकले चुंबक, एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणून टाचणी ओढली जाते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी 1930 च्या दशकात ज्याचा सिद्धांत मांडला त्या प्रतिलोहचुंबकात ते एकाआड एक उलटे असतात, बेरीज शून्य. ऑल्टरमॅग्नेटमध्येही बेरीज शून्यच, पण त्यातला वर तोंड केलेला अणू नुसता सरकवून खाली तोंड केलेल्या अणूच्या जागी बसत नाही. भोवतालच्या अचुंबकी अणूंची ठेवण दोन्हीकडे वेगवेगळ्या कोनात असते, त्यामुळे तो आधी फिरवावा लागतो. या फिरवण्यातच सगळे आहे. त्यामुळे दोन स्पिनांच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वेगळी होते, आणि कोणाची जास्त, कोणाची कमी, हे इलेक्ट्रॉनच्या जाण्याच्या दिशेनुसार पालटत राहते. मँगनीज टेल्युराइडमध्ये हा फरक प्रत्यक्ष मोजल्याचे 2024 च्या आरंभी प्रसिद्ध झाले. (रुथेनियम डायऑक्साइडचे उदाहरण अजूनही लेखांतून पहिले दिले जाते. न्यूट्रॉन आणि म्युऑन हे सूक्ष्म कण वापरून केलेल्या नंतरच्या मोजमापांत त्यात चुंबकीय क्रमच, म्हणजे स्पिनांची ठरावीक मांडणीच, आढळला नाही. ते उदाहरण आता मागे घ्यावे.)

उपयोग संगणकाच्या स्मृतीत होऊ शकेल. लोहचुंबकाच्या कणाचे क्षेत्र शेजारच्या कणाला त्रास देते. इथे बाहेर क्षेत्र जवळजवळ पडतच नाही, म्हणून कण दाटीने बसवता येतील. शिवाय दोन स्पिनांचे इलेक्ट्रॉन वेगळे काढता येतात, आणि प्रतिलोहचुंबकाप्रमाणे पालटण्याचा वेग गिगाहर्ट्झऐवजी टेराहर्ट्झच्या घरात, म्हणजे हजारपटीने वर, जाऊ शकतो. हे सारे अजून प्रयोगशाळेत आहे.

आता शब्दाकडे. ‘पर्याय’ या बिचाऱ्याचा मूळ अर्थ पाळी असाच आहे. परि अधिक इ, म्हणजे फिरून येणे. संस्कृतात ‘पर्यायेण’ म्हणजे पाळीपाळीने. उडुपीला कृष्णमंदिराची पूजा आठ मठांकडे दोन दोन वर्षे आळीपाळीने जाते, त्या सोहळ्याचे नाव आजही ‘पर्याय’च आहे. म्हणून कोणी संस्कृत पंडित म्हणेल, पर्यायी चुंबक काय वाईट? वाईट एवढेच, की मराठी वाचक उडुपीत राहत नाही. त्याला ‘पर्यायी’ ऐकून बदली माणूस आठवतो.

मला खरा आनंद आहे तो पुढच्या अर्ध्या शब्दाचा. ‘चुंबक’ ही इंग्रजी शिक्षणासोबत आलेल्या पाठ्यपुस्तकांची निर्मिती, असे छातीठोक सांगणारे भाषाअभ्यासक भेटतात. त्यांनी रसशास्त्र, म्हणजे धातू आणि खनिजांपासून औषधे करण्याचे जुने शास्त्र, उघडलेलेच नाही. तेराव्या शतकाच्या आसपासच्या ‘रसरत्नसमुच्चया’त ओढणाऱ्या दगडाचे सर्वसाधारण नाव कान्त आहे, आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, त्याला चिकटतो, म्हणजे त्याचे चुंबन घेतो, तो चुंबक, ओढतो तो कर्षक, वितळवतो तो द्रावक, आणि फोडल्यावर ज्यातून केसांसारखे तंतू निघतात तो रोमकान्त. म्हणजे चुंबक हे पाचांतल्या एकाचे नाव! मराठीत ते सगळ्या कुळाचे झाले. तमिळमध्ये मात्र कुळाचेच नाव टिकले. तिथे चुंबकाला आजही ‘कान्दम्’ म्हणतात. तेलुगूत अख्खे ‘अयस्कान्तम्’ आहे, लोखंडाचा प्रियकर. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त शंकराचे मन उमेकडे ओढायला हाच अयस्कान्त घेतला आहे.

आणि भ्रामक? तो तर आपला आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चेतना समजावताना ज्ञानदेव म्हणतात की भ्रामकाच्या सान्निध्यात लोखंड सजीवासारखी क्रिया करते. तेराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला भ्रामक म्हणजे लोहचुंबक हे सांगावे लागत नव्हते. पुढे भ्रम या नामातला फिरण्याचा अर्थ मागे पडून फसगतीचा वर आला, आणि चांगला शब्द जाहिरातींच्या तक्रारींत जाऊन पडला. शब्दाचे असे नुकसान झाले की मला चैन पडत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्या चुंबकाचे सगळे वैशिष्ट्य फिरवण्यात आहे, त्याला भ्रामकाचे नाव द्यावे. नुसते ‘भ्रामक चुंबक’ म्हटले तर वाचक नकली चुंबक समजेल, म्हणून जुने कुळनाव जोडून ‘भ्रामककांत’. रसशास्त्रज्ञांना ऑल्टरमॅग्नेट ठाऊक होता असे यातून कोणी काढू नये. त्यांचा भ्रामक लोखंड हलवत होता, हा टाचणीही ओढत नाही. साम्य फक्त फिरण्याचे आहे, आणि नाव द्यायला तेवढे पुरते.

‘भ्रामककांत’ ज्यांच्या जिभेला जड जाईल त्यांच्यासाठी शाळेच्या पुस्तकात तयार शब्द आहे. दिशा पालटत राहणाऱ्या विजेला आपण ‘प्रत्यावर्ती धारा’ म्हणतो, मग ‘प्रत्यावर्ती चुंबक’ म्हणा. त्यातल्या आवर्तातही फिरणे आहेच. पण हा शब्द विजेच्या घरचा आहे, आणि चुंबकाच्या घरात इतकी नावे पडून असताना उसनवारी का करायची, ते मला कोणी पटवून दिलेले नाही.