आधी नाव वाच, मग पाठ बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. जर्मन विद्यापीठांच्या खेळसंघांचे जुने कापडी बिल्ले जमवायचे असतील, तर सुरुवात पूर्व जर्मनीपासून कर. तिथे विद्यापीठाच्या खेळसंघाला 'होखशूल-श्पोर्टगेमाइनशाफ्ट', थोडक्यात एचएसजी म्हणत. राजकारणाबरोबर संस्थांची नावं बदलली, म्हणून बिल्ल्याचा काळ अनेकदा नावावरूनच कळतो. लाइपझिग विद्यापीठाला १९५३ ते १९९१ कार्ल मार्क्सचं नाव होतं. ड्रेस्डेनची 'टीएच' (तांत्रिक महाविद्यालय) १९६१ मध्ये 'टीयू' (तांत्रिक विद्यापीठ) झाली. केम्निट्झ शहराचं नाव १९५३ पासूनच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, पण तिथली 'टीयू' १९८६ची. तेव्हा 'टीयू कार्ल-मार्क्स-श्टाट, १९७०' असं सांगून कोणी बिल्ला विकत असेल, तर तो घेऊ नकोस.

एचएसजी या अक्षरांनी नवखे हमखास फसतात. जर्मनीत हीच अक्षरं हँडबॉलच्या संयुक्त संघांसाठीही वापरतात, आणि त्यांचा विद्यापीठाशी संबंध असेलच असं नाही. लाइपझिगची डीएचएफके ही क्रीडा महाविद्यालयीन संस्था १९५०ची, १९९०च्या अखेरीस तिच्या विसर्जनाचा निर्णय झाला. पण एससी डीएचएफके हा क्लब आजही खेळतो. त्याचा बिल्ला कालपरवाचाही असू शकतो.

आता बिल्ला उलटा कर. यंत्रावर विणलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर रंगीत धागे आडवे, पट्ट्यांनी मोकळे पडलेले दिसतात. भरतकाम असेल तर टाके, गाठी आणि खालचा एकरंगी दोरा दिसतो. पाठीला इस्त्रीने चिकटणारा प्लास्टिकचा थर असेल, तर जुनेपणाचा दावा सहज मान्य करू नकोस. शिवून वापरलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची भोकं असतात, आणि दुमडीखाली न विटलेला रंग सापडतो. सगळीकडे सारखाच पिवळटपणा दिसला, तर तो चहाचा किंवा रंगाचा असण्याची शक्यता धर.

३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घे आणि अंधारात बघ. धागा निळसर चमकला, तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे. हे दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं. पण एवढ्यावरून निकाल देऊ नकोस, कारण आधुनिक साबणात धुतलेलं जुनं कापडही चमकतं. कडेचा सुटा धागा मिळाला तर चिमट्यात धरून जाळ: लोकरीला जळक्या केसांचा वास, सुताला जळक्या कागदाचा, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. बिल्ल्यातून धागा मात्र ओढू नकोस.

१९३३ ते १९४५ या काळातल्या नाझी चिन्हांच्या बिल्ल्यांत नकला फार. जर्मनीत अशी चिन्हं जाहीरपणे दाखवण्यावर कायद्याचे निर्बंधही आहेत, संशोधन-शिक्षणासाठी अपवाद असला तरी. सुरुवातीला ते टाळ.

खरा शत्रू कसर. लोकर आणि नमदा तिचं आवडतं खाणं, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात बुरशीही साथीला. नवा लोकरी बिल्ला आला की हवा काढून पिशवीत बंद कर आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नकोस, नाहीतर थंड कापडावर पाणी साचेल. धुऊ नकोस, लाल रंग पसरला तर परत येत नाही. जरीचा धागा काळा पडला असला तरी चांदीचं पॉलिश लावू नकोस, ते धाग्यात मुरतं. साठवायला आम्लमुक्त कागद घे. पीव्हीसीची पाकिटं आणि डिंक वापरू नकोस.

प्रत्येक बिल्ल्यासोबत पेन्सिलीने चिठ्ठी ठेव: मापं मिलिमीटरमध्ये, विणलेला की भरलेला, कुठून मिळाला, किंमत. पाठीचा फोटोही काढ.

तुझा,
एक जुना संग्राहक